दक्षिण आफ्रिकेचा अभ्यासदौरा: काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

बहुतेक गट एकच चूक करतात. आधी विमानाची तिकिटं निघतात, मग हॉटेल ठरतं, मग बघायच्या ठिकाणांची यादी होते. निघायला पंधरा दिवस उरले की कुणाला तरी आठवतं, अभ्यासाचं काय? घाईघाईने एक प्रश्नावली तयार होते. मग जोहान्सबर्गच्या सोवेटो वस्तीतल्या एखाद्या घराच्या दारात तीस मुलं उभी राहतात, घरातली बाई हातातलं काम टाकून बाहेर येते आणि कुणीतरी विचारतं, "तुम्ही गरीब आहात असं तुम्हाला वाटतं का?"

असा प्रश्न पुन्हा कुणाला विचारला जाऊ नये, म्हणून हा लेख. वीस-पंचवीस विद्यार्थी, दोन-तीन शिक्षक आणि दहा ते बारा दिवस असा दौरा धरला आहे. संस्कृती, व्यवसाय आणि विषमता हे तिन्ही विषय त्यात आहेत. खालचे टप्पे याच क्रमाने करा. क्रम उलटला तर पैसे तेवढेच जातात आणि हाती फक्त फोटो राहतात.

## टप्पा १: आधी प्रश्न (निघण्याच्या सहा-सात महिने आधी)

"दक्षिण आफ्रिकेतली विषमता" हा विषय झाला, प्रश्न नव्हे. जागतिक बँकेच्या २०१४ च्या आकडेवारीत या देशाचा गिनी निर्देशांक (उत्पन्नातली विषमता मोजणारा आकडा, ० म्हणजे सगळे समान) ०.६३ च्या आसपास होता, म्हणजे जगात सर्वाधिक. हा आकडा घरबसल्या मिळतो, त्यासाठी विमान लागत नाही. तिथे जाऊन, चालून, विचारून, मोजूनच ज्याचं उत्तर मिळेल तो तुमचा प्रश्न.

काही नमुने:

- जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत राहून शेजारच्या श्रीमंत सँडटनमध्ये काम करणाऱ्या माणसाचा किती वेळ आणि किती मजुरी रोज प्रवासात जाते?
- डरबनच्या वॉरिक जंक्शनमध्ये विकली जाणारी एक वस्तू पहाटेपासून संध्याकाळपर्यंत कुणाकुणाच्या हातून जाते, आणि कुणाच्या हाती किती पैसे राहतात?
- स्टॉकफेलमध्ये जमलेली रक्कम कुटुंब कशावर खर्च करतं, आणि ते कोण ठरवतं?

स्टॉकफेल म्हणजे तिथली भिशी. ओळखीची माणसं दरमहा ठरलेली रक्कम काढतात. कुठे ती पाळीने एकेकाला मिळते, कुठे वर्षअखेरीस एकत्र किराणा भरला जातो, कुठे अंत्यविधीसाठी राखून ठेवली जाते. या एका गोष्टीत संस्कृतीही आहे, व्यवसायही आणि विषमताही. म्हणूनच "संस्कृती गट", "व्यवसाय गट", "विषमता गट" अशी वाटणी करू नका. ती केली की संस्कृती गट नाच बघतो, व्यवसाय गट कंपनीतलं सादरीकरण ऐकतो, विषमता गट झोपड्या मोजतो, आणि तिघांचं एकमेकांशी बोलणंच होत नाही. चार-पाच जणांच्या प्रत्येक गटाला एक पूर्ण प्रश्न द्या.

तपासा: प्रश्नात "कोण, कुठे, किती" आहे का? नुसतं "का" असेल तर उत्तरादाखल भाषण मिळतं.

## टप्पा २: शहरं आणि तारखा

जोहान्सबर्ग, डरबन आणि केपटाउन ही तिन्ही दहा दिवसांत बसवायचा मोह होतो. जोहान्सबर्ग ते केपटाउन रस्त्याने सुमारे १,४०० किलोमीटर आहे. विमानाने दोन तास लागतात, पण विमानतळ, सामान, खोल्या हे सगळं धरलं तर दर बदलीला एक दिवस जातो. दोनच शहरं घ्या.

कोणती, हे प्रश्नावर ठरेल. माझा कल जोहान्सबर्ग आणि डरबनकडे आहे. केपटाउनचा डोंगर आणि समुद्र इतके देखणे आहेत की मुलांचं लक्ष तिकडेच लागतं. पण प्रश्न पाण्याचा असेल तर केपटाउनच हवं. २०१८ च्या दुष्काळात तिथे माणशी दिवसाला ५० लिटर पाण्याची मर्यादा घातली होती. घरात नळ आणि बागेत बोअरवेल असलेल्याला ती कशी जाणवली आणि सार्वजनिक नळावर बादली भरणाऱ्याला कशी, यावर आजही बोलता येतं. जमिनीचा आणि विस्थापनाचा प्रश्न असेल तर डिस्ट्रिक्ट सिक्स आहे. १९६६ मध्ये तो भाग फक्त गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाला आणि ६०,००० हून अधिक माणसं केप फ्लॅट्सच्या सपाट, वाळूच्या पट्ट्यात हलवली गेली.

तारखांबाबत:

- डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत जाऊ नका. शाळा, विद्यापीठं, कार्यालयं बंद असतात आणि शहरातली कामकरी माणसं गावी गेलेली असतात.
- जून ते ऑगस्ट तिथला हिवाळा. जोहान्सबर्ग सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे. पहाटे कडाक्याची थंडी, हवा कोरडी. केपटाउनला याच काळात पाऊस असतो आणि रॉबेन आयलंडच्या (मंडेला कैदेत होते ते बेट) बोटी वाऱ्यामुळे रद्द होतात.
- १६ जून हा युवा दिन, १९७६ च्या सोवेटोतल्या विद्यार्थी उठावाचा स्मृतिदिन. त्या दिवशी सोवेटोत जायचं तर तो दिवस समजून घ्यायलाच जा. एरवी मुलाखतींसाठी तो टाळा.

मार्ग आखताना एक नियम पाळा: दोन्ही टोकं एकाच दिवशी, एकाच रस्त्याने. विषमता फक्त वस्तीत शोधली तर ती गरिबांची काहीतरी खासियत असल्यासारखी वाटते. खरं तर ती दोन ठिकाणांमधल्या अंतरात असते. अलेक्झांड्रा आणि सँडटन यांच्या मधून एक महामार्ग जातो. एका बाजूला दाटीवाटीची जुनी टाउनशिप (गोरेतरांसाठी वेगळी राखलेली वस्ती), दुसऱ्या बाजूला काचेचे मनोरे आणि जोहान्सबर्ग शेअर बाजार. सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरं पाहिलं तर हे कळत नाही.

## टप्पा ३: तिथला साथीदार आणि परवानग्या

इथे घाई करू नका. सगळा दौरा याच टप्प्यावर उभा असतो.

त्या भागात काम करणारी एखादी संस्था, विद्यापीठातला विभाग किंवा विक्रेत्यांची संघटना शोधा. डरबनच्या वॉरिक जंक्शनमध्ये 'असिये एताफुलेनी' ही संस्था रस्त्यावरच्या विक्रेत्यांबरोबर काम करते. झुलू भाषेत या नावाचा अर्थ "चला, टेबलाकडे जाऊ या" असा. वॉरिक जंक्शनमध्ये जडीबुटी, मणी, फळभाज्या, कपडे असे एकमेकांना लागून अनेक बाजार आहेत आणि हजारो विक्रेते आहेत. ओळखीच्या माणसाशिवाय तिथे वीस मुलं शिरली तर धंद्याच्या वेळी वाट अडते. तिथला माणूस बरोबर असला की कुठे उभं राहायचं हेही तोच सांगतो.

पहिल्या पत्रात पाच गोष्टी लिहा: आम्ही कोण, किती जण, काय विचारणार, तुमच्या वेळेचे किती पैसे देणार, आणि परत गेल्यावर तुम्हाला काय पाठवणार. चौथी आणि पाचवी बहुतेक पत्रांत नसते. विक्रेती तासभर तुमच्याशी बोलते तेव्हा तिचा तासाचा धंदा बुडतो. तिचे पैसे अंदाजपत्रकात आधीपासून धरा. किती द्यायचे हे स्थानिक संस्थेला विचारा आणि तिच्यामार्फतच द्या. जागेवर खिशातून नोटा काढू नका.

प्रवासी कंपनीची "टाउनशिप टूर" घेत असाल तर दोन प्रश्न विचारा. वाटाड्या त्याच वस्तीत राहतो का? आणि आमच्या पैशांतला किती वाटा त्या वस्तीत राहतो? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी कंपनी बघा.

परवानगी तोंडी नको. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा तिथे २०१३ मध्ये झाला आणि २०२१ पासून त्याची पूर्ण अंमलबजावणी होते. नाव, आवाज, चेहरा, उत्पन्न हे सगळं त्यात येतं. साध्या भाषेतलं एका पानाचं संमतीपत्र करा आणि ते स्थानिक साथीदाराकडून तपासून घ्या. सान या तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या भागात जाणार असाल तर त्या समाजाने २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली आहे. ती सगळ्या गटाने वाचायची. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि रीतसर प्रक्रिया या पाच गोष्टींवर ती उभी आहे. दुसरीकडे जाणाऱ्यांनीही ती वाचावी, असं माझं मत आहे.

सावध: शाळेत किंवा अनाथालयात खाऊ वाटायला जाऊ नका. १८ वर्षांखालच्या मुलांची मुलाखत नाही, फोटोही नाही. भेट द्यायची असेल तर संस्थेला काय हवं ते विचारून द्या.

## टप्पा ४: कागदपत्रं

क्रम असा: पासपोर्ट तपासणी, निमंत्रणपत्र, व्हिसा आणि मग पक्की तिकिटं. आधी फक्त आरक्षण किंवा पैसे परत मिळतील अशी तिकिटं घ्या.

- पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर किमान ३० दिवस हवी आणि दोन पानं पूर्ण कोरी हवीत. कोऱ्या पानांकडे हमखास दुर्लक्ष होतं.
- साध्या भारतीय पासपोर्टवर जाताना व्हिसा लागतो. दौऱ्याचा खरा हेतू अर्जात आणि निमंत्रणपत्रात सारखाच लिहा. आपला कार्यक्रम कोणत्या प्रकारच्या व्हिसात बसतो ते व्हिसा कार्यालयाकडून लेखी घ्या.
- एखादा विद्यार्थी १८ वर्षांखालचा असेल तर आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला आणि दोघांचं संमतीपत्र लागतं. पहिल्या वर्षाच्या गटात असा एखादा निघतोच.
- विमान इथिओपिया किंवा केनियातून बदलत असेल तर पिवळ्या तापाच्या लसीचा नियम पाहा. अशा देशात १२ तासांहून जास्त थांबलात तर प्रमाणपत्र मागतात, आणि ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतं.
- विम्यात रुग्णालयाचा खर्च आणि रुग्णाला दुसरीकडे हलवण्याचा खर्च दोन्ही हवेत.

तपासा: वीस अर्जांतला एक अपुरा असेल तर सगळा गट अडकतो. दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांचे कागद तपासून सही करायची.

## टप्पा ५: निघण्यापूर्वीच्या चार बैठका

पहिली, नकाशाची. इतिहासाचं व्याख्यान नको. शहराचा आजचा नकाशा भिंतीवर लावा आणि दोन कायदे समजून घ्या: काळ्या लोकसंख्येला देशातली अगदी थोडी जमीन ठेवणारा १९१३ चा जमीन कायदा, आणि कोणत्या वंशाच्या माणसाने कुठे राहायचं हे ठरवणारा १९५० चा ग्रुप एरियाज कायदा. आता विद्यार्थ्यांना रेल्वेमार्ग, महामार्ग, खाणींचे ढिगारे आणि मोकळे पट्टे रंगवायला सांगा. वस्त्यांच्या मधले हे पट्टे मुद्दाम ठेवलेले होते, हे तेव्हा डोळ्यांना दिसतं.

दुसरी, शब्दांची. ही कधीही गाळू नका.

- "काफिर" हा शब्द तोंडातून जाता कामा नये, आपसात मराठी बोलतानासुद्धा. आपल्याकडे त्याचा अर्थ वेगळा आहे. तिथे ती काळ्या माणसाला दिलेली सर्वांत हीन शिवी आहे आणि तिच्यासाठी तुरुंगवास झालेला आहे.
- "कलर्ड" ही तिथे मिश्र वंशाच्या एका समाजाची रूढ ओळख आहे, पण ती कुणावर आपण होऊन चिकटवू नका. माणूस स्वतःला काय म्हणवतो ते ऐका.
- टाउनशिप म्हणजे झोपडपट्टी नव्हे. सोवेटोत बंगले आहेत, मॉल आहेत, पत्र्याची घरंही आहेत.
- स्पाझा म्हणजे घरातून चालणारं छोटं दुकान. "रोबो" म्हणजे सिग्नलचा दिवा. "जस्ट नाऊ" म्हणजे थोड्या वेळाने, कदाचित बऱ्याच वेळाने. "नाऊ नाऊ" म्हणजे लवकरच. भेटीच्या वेळा ठरवताना हे लक्षात ठेवा.
- झुलूत एका माणसाला "सावुबोना", अनेकांना "सानिबोनानी". खोसात "मोलो" आणि "मोल्वेनी". वयाने मोठ्या बाईला "मामा", झुलू बोलणाऱ्या आजीला "गोगो", मोठ्या पुरुषाला झुलूत "बाबा", खोसात "ताता". अभिवादनाआधी प्रश्न विचारणं तिथे उद्धटपणाचं समजतात.

तिसरी, मुलाखतीची. वीस मिनिटांची मुलाखत एकमेकांवर करून पाहा, मधे दुभाषा ठेवून. दुभाषा असला की वेळ दुप्पट लागतो आणि निम्मे प्रश्न कमी करावे लागतात. हे तिथे जाऊन कळून उपयोग नाही.

चौथी, स्वतःची. प्रत्येकाने आपलीच प्रश्नावली वर्गासमोर उठून सोडवायची: घरात किती पैसे येतात, कर्ज किती, घर कुणाच्या नावावर. मुलं गप्प होतात. मग तीच म्हणतात, हा प्रश्न काढू या, तो वेगळा विचारू या. माझ्या मते सगळ्या तयारीत ही बैठक सर्वांत मोलाची.

## टप्पा ६: रोजच्या व्यवहाराचं

शहरांत कार्ड चालतं, पण विक्रेत्यांसाठी छोट्या नोटांत रँड ठेवा. सिमकार्ड घेताना पासपोर्ट आणि राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता लागतो. हॉटेलचं पत्र जवळ असू द्या. विजेचा प्लग तीन जाड गोल खुंट्यांचा, आपल्या १५ अँपियरच्या प्लगसारखा. रोजचा चार्जर त्यात बसत नाही. मोठ्या शहरांत नळाचं पाणी पिता येतं. हिवतापाचा धोका ईशान्येकडच्या भागात आहे, जोहान्सबर्ग-केपटाउनला नाही.

रस्त्यात फोन हातात धरून चालू नका. अंधार पडल्यावर पायी फिरू नका. एटीएमपाशी कुणी मदत करू म्हटलं तर नकार द्या. मोबाइलवरून आणीबाणीचा क्रमांक ११२, पोलिसांचा १०१११. पण ही भीती मुलाखतीत घेऊन जाऊ नका. गुन्हेगारीचा सर्वांत जास्त त्रास त्याच वस्त्यांतल्या माणसांना होतो.

## टप्पा ७: दिवसाची आखणी

दिवसात एक मोठं ठिकाण, एक छोटं आणि दोन तास लेखनासाठी. याहून जास्त नाही.

जोहान्सबर्गचं अपार्थाइड म्युझियम (वर्णभेदाचं संग्रहालय) पहिल्या दोन दिवसांत घ्या. तिकिटावर "गोरे" किंवा "गोरेतर" असं येईल तसं वेगळ्या दारातून आत जावं लागतं. पुढचे दिवस मुलं त्या दाराबद्दल बोलतात. त्याच दिवशी दुसरं संग्रहालय नको. कॉन्स्टिट्यूशन हिल दुसऱ्या दिवशी. गांधीजी आणि मंडेला दोघेही जिथे कैदेत होते, त्याच तुरुंगाच्या आवारात आज देशाचं संविधान न्यायालय आहे.

अलेक्झांड्रा–सँडटन दिवस असा आखता येतो. सकाळी लवकर, स्थानिक वाटाड्याबरोबर, मिनीबस टॅक्सीच्या थांब्यावर फक्त बघत उभं राहायचं. प्रवासी बोटांच्या खुणांनी कुठे जायचं ते सांगतात. तर्जनी वर म्हणजे शहराच्या मध्यभागी. गाडीत भाडं मागून पुढे हातोहात जातं आणि पुढे बसलेला प्रवासी सुट्टे पैसे मोजून मागे पाठवतो. अनोळखी माणसांमधला हा विश्वास वहीत लिहायचाच आहे. मग लहान तुकड्यांत, वाटाड्या सांगेल त्या गाडीने तोच प्रवास करा. भाडं आणि वेळ नोंदवा. किमान वेतन १ मार्च २०२५ पासून ताशी २८.७९ रँड झालं आणि ते दर मार्चला बदलतं. जाण्याच्या वेळचा आकडा घ्या. दोन्ही वेळचं भाडं म्हणजे किती तासांची मजुरी, हे मुलांनी तिथेच कागदावर काढावं. दुपारी सँडटन: शेअर बाजाराचा परिसर, मॉल, आणि तिथे झाडलोट करणाऱ्या, पहारा देणाऱ्या माणसांशी त्यांच्या सुटीच्या वेळात बोलणं. सकाळी पाहिलेल्या गाड्यांतूनच ती आलेली असतात.

सावध: वस्तीत एका वेळी पाच-सहा जणच. मोठी बस मुख्य रस्त्यावर थांबवा.

## टप्पा ८: समोरच्या माणसाशी बोलणं

क्रम: अभिवादन, ओळख, कशासाठी आलो ते, संमती, त्याच्या कामाबद्दल प्रश्न, शेवटी पैशांबद्दल. कॅमेरा सगळ्यात शेवटी, तोही विचारून. "नको" म्हटलं की आभार मानून निघायचं. कारण विचारायचं नाही.

"तुम्हाला काय त्रास आहे?" असं विचारू नका. "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंत?" असं विचारा. त्रास असेल तर तो त्यात येतो, आणि बाकीचं आयुष्यही येतं: चर्च, फुटबॉल, मुलीची परीक्षा, स्टॉकफेलची बैठक.

दोन ठिकाणी विशेष काळजी लागते. एक, स्पाझा दुकानं. त्यांतली बरीच सोमालिया, इथिओपिया, बांगलादेशातून आलेली माणसं चालवतात. परकीयांवरच्या हिंसेत २००८ मध्ये साठहून अधिक जीव गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये, दूषित अन्नाने मुलं दगावल्यावर, राष्ट्राध्यक्षांनी अशा दुकानांना नोंदणीसाठी २१ दिवसांची मुदत दिली. अशा दुकानदाराला "तुमची कागदपत्रं आहेत का?" असं कधीही विचारू नका.

दोन, डरबनमधला भारतीय समाज. १८६० पासून उसाच्या मळ्यांवर आलेल्या मजुरांचे वंशज तिथे आहेत. आपला गट पाहून ते आपुलकीने घरी बोलावतात, आणि मग अभ्यास त्याच घरात अडकतो. जुलै २०२१ च्या दंगलीत देशभर ३५० हून अधिक माणसं गेली. त्यांत डरबनजवळच्या, भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या फिनिक्समध्ये काळ्या रहिवाशांचे जीव गेले. फिनिक्सजवळचा गांधीजींचा आश्रम पाहायला जाणार असाल तर शेजारच्या काळ्या वस्तीतल्या कुणाशी तरी बोलणं कार्यक्रमात हवंच. दंगलीचा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर ऐका.

## टप्पा ९: रोजची नोंद

संध्याकाळी वहीचे तीन रकाने: पाहिलं, ऐकलं, मला वाटलं. "घर अंधारं होतं" पहिल्यात. "वीज परवडत नाही, ती म्हणाली" दुसऱ्यात. "ती खचली आहे" तिसऱ्यात. तिसरा रकाना लांबत गेला तर दुसऱ्या दिवशी कमी ठिकाणं, जास्त बोलणं. खरी नावं त्याच रात्री बदला आणि रेकॉर्डिंग फोनमधून काढून एका सुरक्षित ठिकाणी ठेवा.

मुलांना रडू येईल, राग येईल, काहींना कंटाळाही येईल. तेही वहीत लिहू द्या, पण अहवालात नको.

## टप्पा १०: परतल्यावर

सादरीकरणाची तारीख दौऱ्याआधी ठरते. मसुदा परत पाठवण्याची तारीख कुणी ठरवत नाही. ती आधी ठरवा: परतल्यापासून तीन आठवडे. दोन-तीन पानांचा, सोप्या इंग्रजीतला मसुदा स्थानिक साथीदाराकडे जावा आणि चुका सांगायला त्यांना किमान दोन आठवडे मिळावेत. त्यांनी "हे वाक्य काढा" म्हटलं तर काढा. त्यानंतरच सादरीकरण, मासिकातला लेख, समाजमाध्यमांवरचे फोटो. काम संपलं की रेकॉर्डिंग पुसून टाका आणि तसं त्यांना कळवा.

फोटो काढू दिलेल्या प्रत्येकासाठी कागदी प्रत छापून स्थानिक संस्थेकडे पाठवा. टपालखर्च टप्पा ३ च्या अंदाजपत्रकातच लिहून ठेवा.